कोटाच्या बटणाची गिटार

१

रविवारी सकाळी लेकीला न्हाऊमाखू घालून झाल्यावर तिने गिटार खोळीतून काढली, मांडीवर घेतली आणि तिचा हात थांबला. ही गिटार आपली नव्हे.

दिसायला अगदी तीच. मधासारखं तपकिरी पोट, कडेला काळवंडत गेलेलं. गोल भोकाभोवती सोनेरी नक्षी. सहा खुंट्यांपैकी पाचांना पिवळट प्लास्टिकचं बोंड आणि सहावीला काळं, चार भोकांचं कोटाचं बटण. मूळ बोंड तुटलं तेव्हा बाबांनी आपल्या एकुलत्या एका कोटाचं बटण काढून तिथे बसवलं आणि पुढे जन्मभर कोट उघडाच घातला. बाबा गेले, कोट कुठे गेला कोण जाणे, बटण राहिलं. ते इथेही होतं. तिने अंगठ्याने चाचपलं. तेच.

पण खालच्या कडेला, पांढरी पट्टी पोटाला वळसा घालते तिथे, चार बारीक खळगे हवे होते. दोन वर, दोन खाली. पट्टी साबणाच्या नव्या वडीसारखी गुळगुळीत होती.

ते खळगे लेकीच्या दातांचे. सव्वा वर्षाच्या त्या पोरीला घरात सगळे खारूताई म्हणायचे, कारण समोर येईल ते ती कुरतडायची. चप्पल, रिमोट, आजीचा कान. गेल्या मंगळवारी आई पाठमोरी असताना तिने गिटारीचा घास घेतला. चाळीस वर्षांपूर्वीचं व्हार्निश! त्यात शिसं असतं का, अजून काय काय असतं, हे फोनवर वाचता वाचता आईला घेरी यायची बाकी राहिली होती. पोरीला काही झालं नाही. पण ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, सासूबाईंना तर मुळीच नाही.

"आई, गिटार कोणी काढली होती का हो?"

सासूबाई जमिनीवर गादी पसरत होत्या. दोन-तीन दिवस त्या पोरीला दिवाणावर ठेवतच नव्हत्या. म्हणे उकडतं, खाली गार वाटतं.

"का गं?"

"ही वेगळी वाटतेय मला."

सासूबाईंनी चादरीची नसलेली सुरकुती सारखी केली. "बटण तर तुझ्या बाबांचंच आहे ना?"

"बटण बाबांचंच आहे."

"मग झालं तर," म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

खारूताईने गिटारीकडे पाहिलं, दोन्ही तळवे जमिनीवर आपटले आणि ओरडली, "धप्प!" हा तिचा नवा शब्द होता. परवापासूनच सुरू झाला होता.

आई मात्र बटणाकडे बघत राहिली. बटण खरं आणि गिटार खोटी. म्हणजे अदलाबदल चुकून झालेली नाही. कोणीतरी शांतपणे बसून, स्क्रू सोडवून, ते इकडून काढून तिकडे लावलंय.

२

"चोरली, आणि चोरून तशीच दुसरी ठेवली?" नवरा इस्त्री करत होता. "हा चोर आहे की दानशूर?"

"ओरखडे वेगळे आहेत."

"आधीचे मोजले होतेस?"

"आवाज वेगळा आहे."

आवाजाबद्दल बोलायचा तिला हक्क होता. चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात ती सात वर्षं तपासणीला होती. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप हातात घ्यायचा, नखाने टिचकी मारायची. घंटेसारखा नाद आला की तोंडाने 'अखंड' म्हणायचं आणि कप उजव्या फळीवर. भद्द आला की 'तडा', डाव्या फळीवर. डोळ्याला न दिसणारा तडा कानाला दिसतो. बाबांच्या गिटारीच्या पोटात एक पट्टी जराशी सुटलेली होती. टिचकी मारली की आवाजामागून खुळखुळाटाचं बारीक शेपूट यायचं. हिला शेपूट नव्हतं.

नवऱ्याने पोटावर टिचकी मारली, कान लावला, डोळे मिटले. "मला लाकूड ऐकू येतंय."

"चेष्टा करू नकोस."

"बरं, फोनमधले जुने फोटो काढ. फोटोत बघू."

फोटो काढले. पोरीचे साडेचार हजार फोटो, आणि गिटारीचा एखादा खांदा मागे धूसर दिसला तर दिसला. आईने कॅमेरा कधी पोरीवरून हलू दिला असेल तर ना!

नवऱ्याने इस्त्री उभी केली. आवाज मऊ केला.

"हे बघ, रागावू नको. परवा गॅस बंद आहे का बघायला तू तीनदा उठलीस. दाराची कडी पाच वेळा हलवून बघतेस. झोप नाही तुझी. कोणाला तरी दाखवू या का? नाहीतर कामाचं राहू दे. आता नाही जमत म्हणून सांग त्यांना."

पुढच्या सोमवारी तिला कामावर रुजू व्हायचं होतं. बिनपगारी धरून सगळी रजा संपली होती. आता नाही गेली तर जागा गेली. जायचं तर लेक दिवसभर सासूबाईंच्या ताब्यात. महिनाभर ती रोज मनाला समजावत होती की जमेल, आपण ठीक आहोत, घर ठीक आहे. आणि आता स्वतःच्या बापाची गिटार ओळखण्यावरच घरातलं कोणी विश्वास ठेवेना. जिला एवढं कळत नाही तिने भट्टीशी बसून कप काय ओळखायचे? आणि लेकीच्या बाबतीत तिला जे जे वाटतं, त्यातलं खरं किती?

पुरावा होता. चार दात. पण तो मांडायचा म्हणजे आधी आपली चूक ओट्यावर मांडायची. पाठ फिरवलीस? व्हार्निश चाटू दिलंस? आणि आम्हाला पोर सांभाळायचे धडे देतेस?

तिने ओठ मिटले. पुराव्याशिवायच शोधायचं ठरवलं.

३

खोळीच्या कप्प्यात चिठ्ठी होती. तारवाले काकांच्या अक्षरातली.

तारवाले म्हणजे बाजारामागच्या गल्लीतले वाद्यं दुरुस्त करणारे. तारा विकतात म्हणून तारवाले. तीन आठवड्यांपूर्वी ती एकटीच गिटार घेऊन त्यांच्याकडे गेली होती. जुन्या गिटारींना लोक वेड्यासारखी किंमत देतात असं तिने कुठेसं वाचलं होतं आणि मनात एक खुळी आशा रुजली होती. बाबांची गिटार निघाली मोलाची, तर अजून एक वर्ष घरी राहता येईल. विकायचं मन नव्हतंच. पण लेकीला सोडून जायचं तरी कुठे होतं?

तारवाल्यांनी गिटार उलटीपालटी केली, मानेवरून एक डोळा मिटून पाहिलं आणि हसले. वाईट नाही हसले.

"बाई, ही विटांसारखी साच्यातून पाडलेली. पुढची फळी, तिला आम्ही तबली म्हणतो, ती प्लायवूडची. अशा हजारो निघाल्या. ती बघा वर, तिची सख्खी बहीण." भिंतीवर खिळ्याला तशीच एक गिटार धूळ खात टांगलेली होती. "दोन वर्षांत कोणी तिला 'कशी आहेस' विचारलं नाही."

मग त्यांनी लिहिलं. 'तबली प्लायवूड, ठीक. पडदे पाचव्यापर्यंत झिजलेले. घोडी मूळची. मान किंचित बाकदार. एका खुंटीला कोटाचं बटण. किंमत नगण्य. वाजते मात्र गोड.'

घरी त्या चिठ्ठीची फार चेष्टा झाली. धाकट्या दिराने ती फ्रिजवर चिकटवली आणि आठवडाभर सगळे एकमेकांना 'काय रे नगण्य' म्हणून हाका मारत होते. म्हणजे चिठ्ठी सगळ्यांनी वाचलेली.

सोमवारी दुपारी पोर झोपल्यावर तिने चिठ्ठी एका हातात धरली आणि गिटार ओळीओळीने तपासली. पडदे पाचव्यापर्यंत झिजलेले. बरोबर. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, मूळची. बरोबर. मान बाकदार. बटण. सगळं बरोबर!

तिने चिठ्ठीची घडी घालायला घेतली. झोप नाही, दुसरं काय. नवरा म्हणतो तेच खरं.

आणि मग, कप फळीवर ठेवता ठेवता अचानक हात थांबावा तशी ती थांबली. चिठ्ठीत आहे ते सगळं गिटारीत आहे. चिठ्ठीत नाही ते काहीच नाही. आवाजाचं शेपूट चिठ्ठीत नाही, दातांच्या खुणा चिठ्ठीत नाहीत, त्या तर चिठ्ठीनंतरच्या. म्हणजे ज्याने ही गिटार सजवली त्याने चिठ्ठी समोर ठेवून सजवली. दातांबद्दल त्याला माहीत नव्हतं. कसं असणार? ते फक्त दोघींना माहीत होतं आणि त्यातल्या एकीला बोलता येत नव्हतं.

ती वेडी नव्हती. पण आता भीतीने रूप बदललं. घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कोणीतरी तिच्या डोळ्यांत धूळ फेकली होती.

कधी? बुधवारी तिने गिटार वाजवली तेव्हा खुणा होत्या. गुरुवार आणि शुक्रवार तिला कारखान्यात नव्या भट्टीची माहिती घ्यायला बोलावलं होतं, पूर्ण दिवस. शनिवारी दीर जेवायला आला होता. कोण? नवऱ्याला बल्ब बदलायलाही धीर द्यावा लागतो. तारवाले? गिटार खरोखर मोलाची असेल आणि ते खोटं बोलले असतील तर? आणि दीर. हॉटेलांतून गाणी वाजवणारा, ही गिटार दोनदा मागून झालेला दीर.

तिने त्याला फोन लावला.

"वहिनी? मी येतच होतो," तो म्हणाला. "त्या गिटारीचं तुझ्याशी बोलायचंच होतं मला."

४

दीर आला तो बूट न काढताच दिवाणावर बसला. सासूबाई पोरीला घेऊन खाली बागेत गेल्या होत्या, म्हणून बोलणी खाण्यातून वाचला.

"एका रेकॉर्डिंगला हवीय मला. फक्त दोन दिवस. महागड्या गिटारी गोड बोलतात गं, खरं बोलत नाहीत. तुझ्या बाबांची खरं बोलते."

"मी दोनदा नाही म्हटलं होतं, भाऊजी."

"म्हणून तिसऱ्यांदा आलो. लाज सोडल्याशिवाय आमच्या धंद्यात पोट भरत नाही."

"की आधीच घेतली, आणि आता साळसूदपणे मागताय?"

तो गोंधळून बघत राहिला. तिने गिटार त्याच्या हातात दिली. त्याने दोन सूर छेडले. थांबला. पुन्हा छेडले. भोकाला कान लावला.

"वहिनी, ही कोण?"

तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं.

"अगं, रडतेस काय? गिटार गेली म्हणून?"

"नाही. तुम्हाला कळलं म्हणून."

मग तिने सगळं सांगितलं. फक्त दातांचं सोडून. दीर खिडकीशी गेला, गिटारीची मान उजेडात धरली आणि बराच वेळ खुंट्या न्याहाळल्या.

"हे बघ. तारा तुझ्याच आहेत, जुन्या, गंजलेल्या. पण खुंटीपाशी प्रत्येक तारेला दोन मुरडी पडल्यात. एक आत्ताची, एक आधीची. म्हणजे या तारा एकीवरून उतरवून दुसरीवर चढवल्यात. मी चोर असतो तर सरळ नव्या तारा लावल्या असत्या. जुनी तार पुन्हा चढवताना तुटते, हाताला लागते. न तुटता सहाच्या सहा चढवल्यात म्हणजे मुरलेला कारागीर. आणि त्याने हे का केलं? तुला फरक कळू नये म्हणून."

"शनिवारी तुम्ही आलात तेव्हा खोळ उघडली होती?"

"उघडू कुठे दिली? हात लावला तर आई अंगावरच आली. म्हणे, वाजवू नको, पोर झोपलीय." तो हसला. "पोर माझ्या खांद्यावर बसून माझे केस खात होती."

तो हसत होता. तिला हसू आलं नाही. त्या वेळी तिच्या डोक्यात एकच शब्द घुमत होता. कारागीर. आणि तसा कारागीर तिला एकच माहीत होता.

५

मंगळवारी सकाळी ती गिटार घेऊन तारवाल्यांच्या दुकानात शिरली आणि उंबऱ्यातूनच वर पाहिलं. खिळा होता. खिळ्यावर काही नव्हतं. खाली भिंतीवर गिटारीच्या आकाराचा फिकट डाग तेवढा राहिला होता.

"बहीण कुठे गेली, काका?"

तारवाले सरसाचा ब्रश पुसत होते. पुसतच राहिले. "खपली."

"दोन वर्षं जिला कोणी विचारलं नाही ती?"

"असतं बाई, एकेकाचं नशीब उघडतं."

तिने खोळ उघडून गिटार त्यांच्यासमोर आडवी ठेवली. "ही तीच. बाबांचं बटण तुम्ही लावलंत. तारा तुम्ही चढवल्यात. माझी गिटार कुठेय? ती मोलाची होती ना? खरं सांगा. नगण्य लिहून मला गप्प केलंत, आणि..."

तारवाल्यांनी चष्मा काढला. म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उघडा पडल्यासारखा दिसला.

"मोलाची असती ना बाई, तर त्याच दिवशी मी तुमच्याकडे हात जोडून मागितली असती. खोटं बोलायलासुद्धा वस्तू तेवढ्या लायकीची लागते. चाळीस वर्षं झाली या गल्लीत मला. तुमची गिटार आत आहे. मी ती विकलेली नाही, मोडीत टाकलेली नाही. पण मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

"त्या सांगतील. मी त्यांना बजावून सांगितलं होतं, हे लपवायचं काम नाही, लवकर सांगून टाका. बटण लावलं ते माझं चुकलंच. एवढं कोणी रडायला लागलं की माझे हात ऐकत नाहीत."

त्या. म्हणजे बाई. ती वळली. दाराशी पोचली तेव्हा मागून तारवाल्यांचा आवाज आला, जरा भीत भीत.

"बाई, छोटी बरी आहे ना आता?"

ती जागच्या जागी थिजली. लेकीला तिने या दुकानात कधी आणलं नव्हतं. आपल्याला लेक आहे हेही कधी बोलली नव्हती.

"तिला काय झालं होतं?" तिने विचारलं.

तारवाल्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि मान खाली घातली.

६

घरी ती कशी पोचली तिचं तिला आठवेना. दोन जिने चढताना तिच्या मनाने लेकीला सात वेळा दवाखान्यात नेलं आणि त्यातून एकदाही घरी आणलं नाही.

खारूताई गादीवर बसून लाकडी चमच्याचा समाचार घेत होती. आईने तिला उचललं, खिडकीशी नेलं आणि केसांच्या मुळापासून पायाच्या करंगळीपर्यंत तपासलं. डोकं दाबून पाहिलं. कोपरं वाकवली. डोळ्यांसमोर बोट फिरवलं. पोरीने बोट धरलं आणि चावलं.

काही नव्हतं. कुठेही काही नव्हतं. म्हणूनच तिला जास्त भीती वाटली.

सासूबाई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या होत्या. तिने कपाटाचा खण ओढला आणि लेकीची लसीची वही काढली. त्यांच्या डॉक्टरबाईंचा एक शिरस्ता होता. सर्दी असो, खरचटलेलं असो, नुसती शंका असो, आधी पोर काट्यावर. वजन वहीत लिहायचं, तारीख घालायची, मग बोला काय ते. आया चिडायच्या, पण बाई ऐकायच्या नाहीत.

तिने शेवटचं पान उघडलं. शेवटची ओळ तिने पाहिलेली नव्हती. नऊ किलो चारशे. तारीख गेल्या गुरुवारची.

गुरुवारी ती भट्टीपाशी उभी होती. दुपारी तिने घरी फोन केला होता. सासूबाई म्हणाल्या होत्या, "झोपलीय गं, मस्त झोपलीय. तू तुझं काम कर."

वही मांडीवर तशीच उघडी राहिली आणि एकेक गोष्ट आपणहून फळीवर येऊन बसली. गुरुवारपासून दिवाण बंद, गादी जमिनीवर. शनिवारी दिराच्या खांद्यावर बसलेली 'झोपलेली' पोर. चारचौघांत प्रत्येक गोष्टीवर मत देणाऱ्या सासूबाई, या एका गोष्टीवर गप्प. नवऱ्याने सरळ भास ठरवला होता. सासूबाई तसं एकदाही म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी फक्त बटणाचं विचारलं होतं, आणि बटण खरंच बाबांचं होतं. धडधडीत खोटं त्यांना बोलता आलं नव्हतं.

आणि गिटार दिसली की लेक म्हणायची तो शब्द.

तो शब्द त्या घरात पोरीला कोणी शिकवलेला नव्हता. तो तिने ऐकला होता. स्वतःच्या पडण्याचा आवाज होता तो.

दारात रिकामी बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. सासूबाईंनी उघडा खण पाहिला, वही पाहिली आणि तिथेच उंबऱ्यावर बसल्या.

७

"दूध उतू जात होतं," सासूबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. "तू गेल्यापासून रडत होती. काही केल्या राहीना. म्हटलं, तुझ्यासारखं वाजवून दाखवावं. दिवाणावर बसवली, गिटार काढली, कशीबशी टुंगटुंग केली. हसली गं! मग दुधाचा वास आला. गिटार खाली ठेवली आणि धावले. दहा पावलं. गॅस बंद करून वळते तोवर..."

"धप्प," सून म्हणाली.

"गिटारीच्या पोटावर पडली. ती फळी मोडली कडाडकन, आत गेली पार. पोर त्या खड्ड्यात बसल्यासारखी बसली आणि माझ्याकडे बघायला लागली. रडलीसुद्धा नाही. मीच रडले. तशीच उचलून डॉक्टरकडे नेली. त्या म्हणाल्या, काही नाही, खालची वस्तू दबली म्हणून वाचली. टणक फरशीवर पडली असती तर..." त्यांनी पदराने तोंड दाबलं. "शुक्रवारी चिठ्ठीवरचा पत्ता बघून त्या माणसाकडे गेले. पोर कडेवर, गिटार खांद्याला. भिंतीवर तशीच दिसली. पाया पडले त्याच्या."

"मला का नाही सांगितलंत? गिटार काय एवढी..."

"गिटारीसाठी नाही गं बाई!" सासूबाई एकदम म्हणाल्या. "मी तेवढी वेडी नाही. तुला सांगितलं असतं तर तू सोमवारी गेली असतीस का? पोर माझ्याकडे ठेवली असतीस का पुन्हा? तू दहा वेळा कडी बघतेस. मला वाटलं, ही आता जन्मभर दाराशीच बसेल. आणि माझ्यामुळे."

"आणि तुमचा मुलगा मला डॉक्टरकडे न्यायला निघाला होता ते?"

"आज रात्री सांगणार होते. रोज ठरवत होते." त्यांनी मान वर केली. डोळे लाल झाले होते. "तुला खोटं पाडलं, ते वाईट झालं माझ्या हातून. पोर पडली ती चूक. हे दुसरं चूक नव्हे, पाप."

तिला ओरडायचं होतं. तीन दिवस मनात साठलेलं सगळं जिभेवर आलं होतं. दहा पावलं! सव्वा वर्षाची पोर दिवाणावर सोडून दहा पावलं! आणि त्याच वेळी तिला मागचा मंगळवार दिसला. तिची स्वतःची पाठ. किती पावलं होती ती? तीही दुधासाठी नव्हे. फोन वाजला म्हणून.

"आई," ती म्हणाली, "मला कळलं कसं ते विचारा."

"कसं?"

"दातांवरून. गेल्या मंगळवारी तिने माझ्यादेखत गिटार खाल्ली. माझ्यादेखत म्हणजे माझ्या पाठीदेखत. जुनं व्हार्निश. चार दात उमटले होते कडेला. मी तिचं तोंड धुतलं, रात्रभर तिचा श्वास मोजला आणि तुम्हाला कोणालाच सांगितलं नाही."

सासूबाई बघत राहिल्या. "तू?"

"मी."

"कडी बघणारी तू?"

"हो, आई."

सासूबाईंच्या घशातून विचित्र आवाज आला. आधी तिला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. डोळे पुसत, पोट धरून हसत होत्या. "आणि मी त्या बिचाऱ्याकडून पडदे काय मोजून घेतले, बटण काय बसवून घेतलं! दातांचं कुठे लिहिलं होतं चिठ्ठीत!"

संध्याकाळी नवऱ्याला सगळं कळलं तेव्हा तो म्हणाला, "चुकलो मी. पुढच्या वेळी तू म्हणालीस की तडा आहे, तर मी कप फेकून देईन." एवढं बोलून तो त्या रात्रीची भांडी घासायला गेला. माफी मागायची त्याची पद्धत तीच होती.

बुधवारी दोघी मिळून तारवाल्यांकडे गेल्या. बाबांची गिटार आतल्या फळीवर आडवी होती. तबली भोकाच्या खाली चांगली वीतभर रुंदीत आत बसली होती, आणि कडेच्या पांढऱ्या पट्टीवर चार खळगे स्पष्ट दिसत होते.

"आतून पट्ट्या लावून उचलतो," तारवाले म्हणाले. "आवाज पूर्वीचा येणार नाही."

"शेपूट राहील का?"

"दोन राहतील."

"मग नवी चिठ्ठी द्या. किंमत लिहा आताची."

तारवाल्यांनी पेन उघडलं, गिटारीकडे बघितलं, सासूबाईंच्या कडेवर बसून त्यांचा कान चावणाऱ्या पोरीकडे बघितलं. "नगण्यातून वजा काय करणार, बाई?" म्हणाले आणि किमतीची जागा कोरी ठेवून चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिने ती कोरीच ठेवली.

सोमवारी सकाळी ती निघाली. डबा घेतला, किल्ली घेतली. लेकीच्या डोक्याचा वास घेतला, एकदा, आणि मग पुन्हा. दिवाणाला आता तिन्ही बाजूंनी उशांचा तट होता आणि पोर तरीही जमिनीवर होती. तारवाल्यांकडची बहीण सासूबाईंच्या मांडीवर होती. बाबांची गिटार भिंतीवर टांगलेली, पोटाला ठिगळ लावलेली, बटण परत आपल्या जागी.

"जा गं आता. निघायला दहा मिनिटं लावलीस."

दार लागलं. कडीचा आवाज तिने ऐकला. एकदाच. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि आतून आवाज आला.

धप्प.

तिचा हात कठड्यावर आवळला. परत जायला पाच पावलं. तिने डोळे मिटले आणि कान उघडे ठेवले, भट्टीशी बसल्यासारखे. आधी काहीच नाही. मग तारांची टुंगटुंग, सासूबाईंची बेसूर. मग त्यावर खिदळणं, खणखणीत, घंटेसारखं, मागे कसलंही शेपूट नसलेलं. आणि तळवे जमिनीवर आपटत, "धप्प! धप्प!"

"अखंड," ती स्वतःशी म्हणाली, आणि जिना उतरायला लागली.